खाकीतील बाई आणि न लिहिलेली फिर्याद

दलित समीक्षेने रहस्यकथेची दखल कधी घेतलीच नाही, आणि त्यात तिचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची माणसे मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांच्या उशाशी होती, आणि आमच्या वस्त्यांतून ज्यांना नुकतेच अक्षर आले होते त्यांनीही ती पुस्तके हातोहात वाचली. पण ज्या साहित्याला भाकरी, पाणी आणि माणूसपण यांचा हिशेब मागायचा होता त्याला चोर कोण, या प्रश्नाचे कुतूहल असण्याचे कारण नव्हते. आमच्याकडे चोर आधीच ठरलेला असे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींची मुले जन्मतःच चोरांच्या यादीत घालून ठेवली होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण हवालदाराच्या डोक्यातून तो गेला नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'पासून लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'पर्यंत पोलीस जेव्हा जेव्हा येतो तेव्हा तो धाड घेऊन येतो. रहस्यकथेत पोलीस शेवटच्या पानावर येतो आणि वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. आमच्या आत्मकथनांत तो पहिल्याच प्रकरणात येतो आणि घरातली माणसे मागच्या बाजूने पळतात. एवढे अंतर असताना त्या वाङ्मयप्रकाराची समीक्षा आम्ही कुठल्या तोंडाने करणार होतो?

आज मात्र ही उपेक्षा परवडणारी नाही, आणि याचे कारण वाङ्मयीन नसून अगदी व्यावहारिक आहे. मी सोनईच्या परिसरात महाविद्यालयात शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्या वर्गातल्या ज्या मुली मागच्या बाकांवर बसतात, म्हणजे ऊसतोडीवाल्यांच्या, रोजंदारीवाल्यांच्या, महार-मांग-मेहतर-वडार वस्त्यांतल्या, त्यांच्यापैकी बऱ्याच जणी पहाटे मैदानावर असतात. आठशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे, गोळाफेक. उंची १५५ सेंटिमीटर भरते की नाही याची धास्ती. पोलीस भरती हे त्यांच्यापुढचे सर्वांत जवळचे सरकारी दार आहे. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत आणि बारावी एवढी अट आहे. ज्यांच्या आज्या पोलीस पाहून घरात लपल्या त्यांच्या नाती खाकी अंगावर चढवण्यासाठी धावत आहेत, ही गोष्ट मी छोटी मानत नाही. या मुलींच्या मोबाईलवर 'मर्दानी' आहे, 'दहाड' आहे, 'दिल्ली क्राइम' आहे. 'फकिरा' त्यांना अभ्यासक्रमात असेल तरच भेटतो. तेव्हा ज्या गोष्टी पाहून आपल्या मुली वर्दीचे स्वप्न पाहतात, त्या गोष्टी वर्दीबद्दल नेमके काय सांगतात हे तपासणे आता आपल्या समीक्षेचेच काम आहे.

बाई पोलीस पडद्यावर नवीन नाही. १९८३ च्या 'अंधा कानून'मध्ये हेमामालिनी इन्स्पेक्टर होती. १९८८ च्या 'जख्मी औरत'मध्ये डिंपल कापडिया. या दुसऱ्या चित्रपटात तर इन्स्पेक्टर असूनही तिच्यावर बलात्कार होतो, न्यायालय आरोपींना सोडते आणि ती कायद्याबाहेर जाऊन सूड घेते. दूरदर्शनवरची 'उडान' (१९८९) त्या मानाने संयत होती. कविता चौधरी यांनी ती आपल्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून लिहिली, आणि त्या बहीण पुढे २००४ मध्ये उत्तराखंडात देशातील पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. महाराष्ट्रात त्या पदावर पहिली महिला यायला २०२४ चा जानेवारी उजाडला. या साऱ्या कथांना एकच प्रश्न पडलेला असे: बाईला हे जमेल काय? मध्यमवर्गीय स्त्रीचा तो खरा प्रश्न होता, हे मला मान्य आहे. आमच्या बायांनी खाणीत दगड फोडले, गटारे उपसली, ऊस तोडला. त्यांना जमेल काय असे त्यांना कोणी कधी विचारले नाही. त्यामुळे या प्रश्नाने मी फारशी हलत नाही. मला हलवणारा प्रश्न दुसरा आहे आणि तो २०२३ च्या मे महिन्यात, एका आठवड्याच्या अंतराने आलेल्या दोन कथांत मला सापडला.

१२ मे २०२३ रोजी रीमा कागती आणि झोया अख्तर यांची 'दहाड' ही आठ भागांची मालिका आली आणि १९ मे रोजी यशोवर्धन मिश्रा यांचा 'कटहल'. पहिली भीषण, दुसरी हास्यकथा. पहिलीत राजस्थानातील मंडावा ठाण्याची उपनिरीक्षक अंजली भाटी, जन्माने मेघवाल. दुसरीत एका गावातील इन्स्पेक्टर महिमा बसोर. बसोर म्हणजे बांबूकाम करणारी जात. (उर्मिला पवार यांचे 'आयदान' वाचलेल्या वाचकाला हे आडनाव ऐकताच कोकणातील त्यांच्या आईचे हात आठवतील. मुंबईच्या चित्रपटवाल्यांना ते आठवले असेल असे मी मानत नाही, पण शब्द तर पडद्यावर आला.) हिंदी पडद्यावर दलित स्त्री पोलीस अधिकारी म्हणून, गोष्टीच्या मध्यभागी, नाव-आडनावासह उभी राहिली ती या एका महिन्यात. याबद्दल बरेच लिहिले गेले. पण या दोन कथांत आणखी एक साम्य आहे आणि ते जातीच्या उल्लेखापेक्षा अधिक खोल आहे.

'कटहल'मध्ये आमदाराच्या बागेतले परदेशी जातीचे दोन फणस चोरीला जातात. सारे ठाणे फणसांच्या तपासाला लागते. त्याच वेळी त्या बागेतल्या माळ्याची तरुण मुलगी बेपत्ता आहे आणि तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नाही. तेव्हा महिमा काय करते? फणसांची चोर ती मुलगीच असावी, असे ती जाहीर करते. बस्स. आता मुलगी शोधल्याशिवाय फणस सापडणार नाहीत, म्हणून मुलीचा शोध सुरू होतो. प्रेक्षक हसतात. हसण्यासारखेच आहे. पण थांबून पाहा: मुलगी म्हणून तिला शोधता येत नाही, चोर म्हणून शोधता येते.

'दहाड'मध्ये हाच डाव दुसऱ्या बाजूने टाकला जातो. एका गरीब घरातली मुलगी नाहीशी झाली आहे. तिचा भाऊ ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो आणि त्याला वाटेला लावले जाते. त्याच सुमारास ठाकूर घराण्यातील एक मुलगी मुसलमान तरुणाबरोबर गेल्यावरून गावात वातावरण तापलेले असते. तो भाऊ ते पाहतो आणि आपलीही बहीण मुसलमानानेच पळवली असे सांगू लागतो. खोटे असते ते. पण खोटे सांगताच त्याच्या पाठीशी झेंडेवाले उभे राहतात, ठाण्यावर दडपण येते आणि त्याची फिर्याद कागदावर उतरते. पुढच्या सगळ्या गोष्टीचे, त्या मेलेल्या बायांचे, दार या एका खोट्याने उघडले जाते.

दोन वेगळे लेखक, दोन वेगळे चित्रपटगट, आणि एकाच आठवड्यात दोघांच्या हाती एकच युक्ती. याला योगायोग म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. मला तर असे दिसते की गरिबाची हरवलेली मुलगी ही गोष्ट मुळात ठाण्याच्या वहीत मावतच नाही, हे या लेखकांना लिहिता लिहिता कळून चुकले. तिला कोणाच्या तरी वजनाचा आधार द्यावा लागतो: आमदाराच्या फणसाचा, नाही तर जमावाच्या द्वेषाचा. 'दहाड'मधील दुसरा पाडाव म्हणजे भावाच्या हाती दिलेला तो आधार. खालच्या जातीच्या माणसाला न्याय मिळवायला मुसलमानाविरुद्धचे खोटे वापरावे लागते, ही या मालिकेतील सर्वांत कटू गोष्ट आहे, आणि मालिका तिच्यावर फार वेळ थांबत नाही. खुनी कोण, याकडे तिला घाई असते.

आणि खुनी तरी कशावर जगतो? आनंद स्वर्णकार हा हिंदी साहित्य शिकवणारा प्राध्यापक आहे. सुट्टीच्या दिवशी गाडीतून मुलांसाठी फिरते वाचनालय चालवतो. (माझ्या व्यवसायाची ही बदनामी मी हसून सहन केली. शिवाय साहित्य शिकवणारा माणूस सज्जनच असतो असे मानण्याइतकी मी भाबडी नाही.) तो ज्या मुली निवडतो त्यांची घरे हुंडा देऊ न शकणारी, वय वाढत चाललेल्या मुलीच्या लग्नाच्या चिंतेने वाकलेली. मुलगी पळून गेली, असे घरच्यांना वाटते. लाजेपोटी ते तोंड उघडत नाहीत, आणि ज्यांनी उघडले त्यांना ठाण्यात कोणी विचारत नाही. सार्वजनिक शौचालयात विषाने मेलेली बाई म्हणून एकेक प्रकरण आपापल्या गावी मिटते. म्हणजे खुन्याचे खरे हत्यार सायनाइड नाही. न नोंदलेली फिर्याद हे त्याचे हत्यार आहे. ते त्याला कोणाकडून चोरावे लागत नाही. ठाणी ते फुकट पुरवतात.

ही अतिशयोक्ती वाटत असेल त्यांच्यासाठी एक घरातली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी माझी मावसबहीण कामावरून घरी आली नाही. काका आणि माझे वडील एका ठाण्यात गेले. तिथे त्यांना सांगितले गेले की पोरगी वयात आलेली आहे, गेली असेल कुणाबरोबर, चार दिवस वाट पाहा. वडील परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, बाकावर बसले, परत आले. तिसऱ्या दिवशी काकांनी गावातल्या एका पुढाऱ्याची चिठ्ठी मिळवली. त्या चिठ्ठीच्या बदल्यात त्यांनी काय कबूल केले हे त्यांनी कधी सांगितले नाही. चिठ्ठी दाखवताच वही उघडली गेली. बहीण पुढे सापडली, सुखरूप आहे, आज तिला दोन मुले आहेत; तेव्हा या गोष्टीत रहस्यकथेला लागणारे काहीच नाही. पण 'दहाड'मधला तो भाऊ पायऱ्या उतरतो ते दृश्य आमच्या घरात कोणी निर्विकारपणे पाहू शकले नाही. वडील उठून बाहेर गेले.

कायदा काय म्हणतो हे आपल्या वाचकाला ठाऊक असावे म्हणून येथे नमूद करते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की फिर्याद नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले. तो खटलाही एका नाहीशा झालेल्या अल्पवयीन मुलीच्या बापानेच नेला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद केली आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आणखी पुढे जाऊन सांगितले की तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवावी, मग सही घ्यावी, प्रत द्यावी. आणि यात जाणूनबुजून कसूर करणारा लोकसेवक, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, कलम ४ खाली शिक्षेस पात्र आहे. वाचून दाखवावी! संसदेला एवढी साधी गोष्ट कायद्यात घालावी लागली, यावरून काय काय घडत आले असेल याचा अंदाज करावा.

हे सूत्र हाती धरून जुन्या-नव्या कथा पुन्हा पाहिल्या की त्या वेगळ्या दिसू लागतात. २०१४ च्या 'मर्दानी'तील शिवानी शिवाजी रॉय ही मुंबई गुन्हे शाखेची अधिकारी. मीरां चढ्ढा बोरवणकर यांच्यावरून ती सुचली असे सांगितले जाते. ती देहविक्रीचा व्यापार उखडते, कारण हरवलेली अनाथ मुलगी तिला लेकीसारखी असते. त्या मुलीला इन्स्पेक्टरची माया लाभली नसती तर? 'दृश्यम'च्या हिंदी अवतारात (२०१५, दिग्दर्शक आपले निशिकांत कामत) गोव्याच्या पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा स्वतःचा मुलगा नाहीसा होतो आणि त्याच्या शोधासाठी साऱ्या राज्याचे पोलीस दल कामाला लागते. चौथीपर्यंत शिकलेल्या केबलवाल्याच्या घरातल्या लहान मुलीलाही मारहाण सोडत नाही. या एकाच लोकप्रिय चित्रपटात प्रेक्षक वर्दीतल्या बाईच्या विरुद्ध बसतो, आणि म्हणून तो मला या साऱ्यांत अधिक प्रामाणिक वाटतो. आईच्या दुःखाबद्दल तो निष्ठुर नाही. पण वर्दी अंगावर असलेल्या आईचे दुःख इतरांच्या अंगावर कसे कोसळते हे तो लपवत नाही.

'मर्दानी'च्या शेवटी शिवानी खलनायकाला मुलींच्या हवाली करते आणि त्या त्याला मारून टाकतात. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांनी मला भीती वाटते. ६ डिसेंबर २०१९ रोजी, आपण चैत्यभूमीवर होतो त्या दिवशी पहाटे, हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या आरोपाखालील चौघांना पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि देशभर पेढे वाटले गेले. आठवड्याने, १३ डिसेंबरला, 'मर्दानी २' लागला. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने, आरोपींवर ठार मारण्याच्या हेतूनेच गोळीबार झाला, असा निष्कर्ष दिला. त्याचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला तेव्हा पेढ्यांची आठवण कोणाला नव्हती. न्यायालय बाजूला सारून न्याय करण्याची मुभा पोलिसाला दिली की ती कोणाच्या वस्तीवर वापरली जाते, हे 'उचल्या' वाचलेल्या माणसाने तरी विसरू नये.

'दिल्ली क्राइम'चा विचार थोडा सावकाश केला पाहिजे. २०१९ चा तिचा पहिला भाग १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेवर आहे. उपायुक्त वर्तिका चतुर्वेदी अहोरात्र जागून आरोपी पकडते. कलाकृती म्हणून ती भक्कम आहे, तिला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला, आणि त्या मुलीच्या यातनांपुढे जातीपातीचा हिशेब मांडण्याइतके कोणी हलके होऊ नये. तरी एक तारीख मला डोळ्याआड करता येत नाही. दिल्ली मेणबत्त्या लावीत होती त्याच दिवसांत, सोळा दिवसांनी, १ जानेवारी २०१३ रोजी आमच्या सोनईजवळच्या गणेशवाडीत मेहतर समाजातील तीन तरुण सफाई कामगारांना संडासाच्या टाकीच्या कामासाठी म्हणून बोलावून ठार मारण्यात आले. एकाचे मराठा समाजातील मुलीवर प्रेम होते. सुरुवातीला टाकीत पडून अपघात झाल्याची कथा पुढे करण्यात आली. खटला जिल्ह्याबाहेर नाशिकला चालला आणि २०१८ च्या जानेवारीत सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेले. अपघात म्हणून आलेली कथा खुनाची कथा कशी झाली, टाकी कोणी उघडायला लावली, पंचनाम्यावर कोणी सह्या केल्या: थ्रिलर लिहिणाऱ्याला याहून अधिक काय हवे असते? एकही वर्तिका तिकडे वळली नाही. मेणबत्त्याही फारशा लागल्या नाहीत.

२०२२ च्या दुसऱ्या भागात मात्र ही मालिका थेट आपल्या अंगणात येते. दिल्लीत वृद्धांचे खून होतात, पद्धत 'कच्छा-बनियान' टोळीसारखी. एक निवृत्त अधिकारी विमुक्त जमातींचा तज्ज्ञ म्हणून आणला जातो आणि वस्तीतल्या पुरुषांची धरपकड होते. शेवटी खरे गुन्हेगार वेगळेच निघतात, त्यांनी फक्त त्या जमातींची बदनामी वापरलेली असते. मालिका पूर्वग्रहाला पूर्वग्रह म्हणते, हे मी मोकळेपणाने कबूल करते. वर्तिका अस्वस्थ होते, तिचा चेहरा आपल्याला बराच वेळ दाखवला जातो. ज्या माणसांना पहाटे उचलून आणले त्यांचे चेहरे तितका वेळ दाखवले जात नाहीत. सुटून गेल्यावर त्यांचे काय झाले, त्या महिन्याची मजुरी कोणी भरून दिली, हे मालिकेला माहीत करून घ्यायचे नाही. चांगल्या अधिकाऱ्याच्या मनाची तगमग हा प्रस्थापित कलेचा आवडता विषय आहे. 'आर्टिकल १५' मध्ये तो ब्राह्मण पुरुष होता, येथे चतुर्वेदी बाई आहे, एवढाच फरक.

म्हणून पुन्हा 'दहाड'कडे यावे लागते, कारण तेथे तगमग वेगळ्या जागेवरून होते. अंजली समोरून गेली की ठाण्यातला एक शिपाई उदबत्ती लावतो. काही बोलत नाही, नियम मोडत नाही, फक्त उदबत्ती लावतो. आमच्या शाळा-कचेऱ्यांतून ज्यांनी नोकऱ्या केल्या त्यांना या उदबत्तीचा वास ओळखीचा आहे. झडतीसाठी गेलेल्या अंजलीला जातीवरून उंबरठ्यावर अडवले जाते आणि ती संविधानाचे नाव घेऊन आत जाते. हे दृश्य मुलींनी मला आपापल्या मोबाईलवर दाखवले. त्यांना तेच आवडते, आणि आवडलेच पाहिजे. बाबासाहेबांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या बळावर आपली मुलगी दुसऱ्याच्या घरात पाय ठेवते आहे, हे आपल्या माणसांनी करमणुकीच्या पडद्यावर कितीदा पाहिले? तरीही मी म्हणेन की उदबत्तीचे दृश्य अधिक खरे आहे. उंबरठ्यावर वॉरंट चालते. उदबत्तीवर कुठले कलम लावणार?

आडनावाचा प्रश्न मालिकेने अखेरपर्यंत नेला आहे. बापाने मेघवालचे भाटी केले होते, लेक शेवटी मेघवाल परत घेण्यासाठी अर्ज करते. हा शेवट सर्वांना भावला. मला तो अर्धा वाटतो. आडनाव बदलणाऱ्या बापाला मालिका थोडे भित्रे ठरवते. आमच्याकडे ज्यांनी गावावरून 'कर' लावून आडनावे घेतली त्यांनी ती शहरात खोली मिळावी म्हणून घेतली, मुलाला वर्गात पुढे बसता यावे म्हणून घेतली. ते भित्रेपण नव्हते, डावपेच होता. अंजलीला आडनाव परत घेता येते ते बापाच्या त्या डावपेचामुळे ती अधिकारी झाली म्हणून. लेखिकांनी हे ओळखले असते तर शेवटचे दृश्य अधिक दुखरे झाले असते.

आता एक गोष्ट, जी या सगळ्या कथांनी सोयीस्करपणे वगळली आहे. आपल्या मुली उपायुक्त किंवा उपनिरीक्षक म्हणून भरती होत नाहीत. त्या शिपाई म्हणून भरती होतात. शिपाई बाईवर मला आठवते ती एकच मोठी मालिका, २०२० ची 'शी'. भूमिका परदेशी ही मुंबईच्या चाळीतली, मराठी घरातली शिपाई. अंमली पदार्थांची टोळी पकडण्यासाठी खाते तिला वेश्येच्या वेषात उभे करते. मालिका पुढे भलतीकडे घसरते. पण शिपाई बाईचे शरीर हे खात्याच्या दृष्टीने एक साधन आहे, हे तिच्या पहिल्या भागांत उघडे पडते. प्रत्यक्षातही शिपाई बाईच्या वाट्याला तपास क्वचितच येतो. बंदोबस्त येतो, आरोपी बाईला नेणे-आणणे येते, ठाणे अंमलदाराच्या शेजारची खुर्ची येते. अत्याचार प्रतिबंधक नियमांतील (१९९५) नियम ७ प्रमाणे त्या कायद्याखालील तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करायचा नसतो. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. पण त्याचा अर्थ असा की मेघवाल असलेली उपनिरीक्षक अंजली, मेघवाल म्हणून कोणावर झालेल्या अत्याचाराचा तपास करू शकणार नाही, आणि माझ्या वर्गातली शिपाई झालेली मुलगी तर नाहीच नाही.

आमच्या शेजारी शनिशिंगणापूर आहे. घरांना दारे नाहीत, चोरी होत नाही, अशी त्या गावाची ख्याती. तेथेही २०१५ मध्ये पोलीस ठाणे आले. २६ जानेवारी २०१६ रोजी, प्रजासत्ताक दिनी, चौथऱ्यावर जाण्यासाठी निघालेल्या स्त्रियांना वाटेतच सुप्याला अडवण्यात आले. अडवणाऱ्यांत महिला पोलीसही होत्या. स्त्रियांना हात लावायला स्त्रियाच लागतात. उच्च न्यायालयाने प्रवेशाचा हक्क मान्य केल्यावर आणि ८ एप्रिलला देवस्थानाने माघार घेतल्यावर त्याच पोलिसांनी स्त्रियांना चौथऱ्यापर्यंत संरक्षण द्यायचे होते. जानेवारीत बायांचे दंड धरणाऱ्या त्या शिपाई मुलींना त्या दिवशी काय वाटले असेल? हा प्रश्न मला कोणत्याही खुन्याच्या शोधाहून अधिक उत्कंठेचा वाटतो. त्यावर एक कथासुद्धा माझ्या वाचनात नाही.

आपल्या लेखक-लेखिकांनी थ्रिलर लिहावा काय, असे मला एका तरुण कवीने विचारले. जरूर लिहावा. पण साच्यात एक अडचण येईल ती आधीच ओळखून ठेवावी. थ्रिलरचे सारे रहस्य 'कोणी केले' यावर उभे असते. आमच्या गावांत कोणी केले हे सूर्यास्तापूर्वी सर्वांना ठाऊक असते. चहाच्या टपरीवर ठाऊक असते, सोसायटीच्या ओट्यावर ठाऊक असते. रहस्य असते ते साक्ष कोण देणार याचे, आणि दिलेली साक्ष तीन वर्षांनी पिंजऱ्यात उभे राहून कोण टिकवणार याचे. २८ एप्रिल २०१४ रोजी आमच्याच जिल्ह्यातील खर्ड्याला एका दलित शाळकरी मुलाला मराठा समाजातील मुलीशी बोलल्याच्या संशयावरून भरदिवसा शाळेतून ओढत नेऊन मारण्यात आले. अटका झाल्या, दोषारोपपत्र गेले. थ्रिलर असता तर बेड्या पडल्या तेव्हाच पडदा पडला असता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. पाहणारे एकामागून एक फितूर झाले होते. फितूर या शब्दामागे काय काय असते? पाण्याची पाळी असते, कर्ज असते, मुलीचे ठरत आलेले लग्न असते, रात्री दारावर झालेली एक थाप असते. ती थाप कोणाची होती हे ठाण्याच्या डायरीत नसते, आणि असलीच तर ज्या शिपाई मुलीने ती नोंद घेतली तिची बदली कोठे झाली, येथून आपल्या लेखिकेने गोष्टीला सुरुवात करावी.